कापसाचें कोंकरूं

पांचगणीच्या शाळांनीं महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांस पुष्कळ दिलें आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. जॉन चेसन ह्या इंग्रज गृहस्थानें वसविलेल्या ह्या थंड हवेच्या गांवीं सेंट जोसेफची शाळा १८९५ सालीं निघाली, सेंट पीटर्सची १९०४ सालीं. पुढें १९२२ त संजीवन विद्यालयासारखी एतद्देशीय संस्थाही तेथें उभी राहिली. ह्या ऋणाची जाणीव आम्हांस आहे. परंतु ऋणकोनें तोंड मिटूनच बसावें, असा कांहीं दंडक नाहीं.

गेल्या नाताळापूर्वीं तेथील एका शाळेच्या शिशुवर्गाचें प्रदर्शन पाहण्याचा योग आला. शाळेचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं, कारण तेथें जें दिसलें तें आतां पुष्कळ ठिकाणीं दिसतें. पुठ्ठ्याच्या भिंतीवर कापूस चिकटवून केलेलीं कोंकरें ओळीनें लाविलीं होतीं. वर्गांत मुलें जितकीं, तितकीं कोंकरें, आणि प्रत्येकाच्या पोटावर एकेका मुलाचें नांव. शेजारीं नोहाचें तारूं, त्यांतून जिराफाच्या माना बाहेर आलेल्या. मुलांनीं हरवलेल्या मेंढराचा दाखला गाऊन व नाचून दाखविला. त्यांत आमच्या एका स्नेह्यांची पांच वर्षांची नात होती. कार्यक्रम संपल्यावर तिला विचारलें, "काय ग, मेंढरूं हरवलें, तें शोधायला कोण गेलें?"

"येशू."

"आणि तूं कोण?"

"मी मेंढी, आजोबा. मी टीचरचें ऐकतें."

सर्वांस मोठें कौतुक वाटलें. आम्हांस मात्र त्या उत्तरापासून आजतागायत स्वस्थता नाहीं.

हा दाखला लूकच्या शुभवर्तमानांत कोणास उद्देशून आहे, हें त्या शिक्षिकाबाईंनीं एकदां ग्रंथ उघडून पाहावें. हलक्या गणलेल्या लोकांच्या पंक्तीस येशू बसतो म्हणून नाकें मुरडणाऱ्या प्रतिष्ठितांस तो सांगितलेला आहे; आणि त्याचा आरंभच ऐकणाऱ्यांस घातलेल्या प्रश्नानें होतो, कीं तुम्हांपैकीं कोणाचें शंभरांतलें एक मेंढरूं चुकलें तर तो काय करील? म्हणजे पहिल्याच वाक्यांत ऐकणाऱ्याला धनगर करून टाकिलें आहे! मत्तयाच्या शुभवर्तमानांत हा दाखला पुन्हां येतो, तो लहानांपैकीं एकालाही तुच्छ लेखूं नका असें मोठ्यांस बजावण्याकरितां येतो. शिशुवर्गांत सगळेंच उलटें झालें. मूल मेंढरूं झालें. आणि मेंढराचा सद्गुण तो कोणता, तर कळप न सोडणें! दयेच्या दाखल्यांतून आज्ञाधारकपणाचा धडा काढला. तो शाळेस सोईचा आहे, आणि पालकांस त्याहून सोईचा आहे. म्हणूनच टाळ्या इतक्या जोरानें वाजल्या.

बरें, तें कोंकरूं तरी कोठलें? पांढरेंशुभ्र, विलायती चित्रांतलें. ह्याच सातारा-सांगलीकडे माण, खटाव, जत ह्या दुष्काळी तालुक्यांत धनगर जी दख्खनी मेंढी राखतो, ती बहुधा काळी असते. तिच्या भरड लोकरीचें घोंगडें होतें. जत तालुक्यांतील माडग्याळची मेंढी उंच, अंगावर तांबूस डाग, नाक पोपटाच्या चोंचीसारखें बांकदार. ह्यांतली एकही त्या भिंतीवर नव्हती. काळी मेंढी मुलांस ठाऊक आहे, ती एका इंग्रजी बडबडगीतांतली तेवढी. कोणी म्हणेल, एवढ्याशा पोराला मेंढ्यांच्या जाती घेऊन काय करावयाच्या आहेत? जाती नकोत. परंतु जें जनावर लंगडतें, आजारी पडतें, ज्याला रात्रीं लांडग्याचें भय असतें, तें कधींच पाहिलेलें नसेल, तर तें हरवलें म्हणजे काय झालें हें मुलाला कळावें कसें? कापसाचें कोंकरूं हरवत नाहीं. डिंक वाळला म्हणजे तें गळून पडतें, आणि शिपाई तें झाडून नेतो.

आसिसीच्या संत फ्रान्सिसानें १२२३ सालीं ग्रेचो गांवीं नाताळचा प्रसंग उभा केला, तेव्हां गव्हाणीपाशीं जिवंत बैल व जिवंत गाढव आणून बांधलें होतें. आणि इतक्या दूर तरी कशाला जावें? रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांची 'केवढें हें क्रौर्य' ही कविता मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या मुलांनीं पाठ केली. माणसाच्या हातून घायाळ झालेली पक्षिणी पिलांपर्यंत धडपडत पोंचते, एवढीच ती हकीकत; तींत कोणाला मेंढरूं व्हावयास सांगितलेलें नाहीं. उलट घाव घालणारा आपल्याच जातीचा आहे, हें ध्यानांत येऊन वाचणारें पोर गप्प होतें.

दुसऱ्या बाजूनें आमच्याच मंडळींची कुरकुर कानांवर येते, कीं ह्या कोंकरांच्या वाटेनें मुलांस हळूंच ख्रिस्ती करण्याचा बेत आहे. हें भय आम्हांस पोकळ वाटतें. रामेश्वराकरितां आणलेलें गंगोदक तहानलेल्या गाढवाच्या मुखांत घालणारे एकनाथ, पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव, आणि एका मेंढरासाठीं रानोमाळ हिंडणारा तो मेंढपाळ, ह्यांची गांठ कोठें पडली तर तेथें तंटा होण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. शिवाय आम्ही तरी काय करतों? बेंदराच्या आदल्या दिवशीं शेतकऱ्याचें पोर बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतें; आमच्या शहरांतल्या घरीं बाजारांतून मातीची जोडी येते, तिच्यापुढें पुरणपोळी ठेवली कीं संपलें. कापसाचें कोंकरूं आणि मातीचा बैल हीं सख्खीं भावंडें आहेत.

प्रदर्शनाच्या दिवशींच सायंकाळीं मंडळी टेबललँडवर गेली. तेथें तट्टें प्रवाशांस पाठीवर घेऊन दिवसभर फेऱ्या मारतात. स्नेह्यांनीं भाड्याची घासाघीस केली. आम्हींही त्यांत हातभार लाविला. दोन चिमण्या एका क्षुल्लक नाण्याला विकल्या जातात, ही येशूची गोष्ट बाजारांतल्या भावाची आहे. ती तेव्हां आम्हांस आठवावयास हवी होती, पण आठवली नाहीं. घोडेवाल्यास दोष देणें सोपें आहे. पावसाळ्यांत त्याचें गिऱ्हाईक आटतें, चारा मात्र बारा महिने लागतो, आणि भाडें पाडणारे आम्हीच असतों.

नात एका तांबड्या तट्टावर बसली, छायाचित्रें निघालीं. खालीं उतरल्यावर ती तेथेंच उभी राहिली. तट्टाच्या पोटाशीं, खोगिराचा तंग घांसून, एक ओली जखम झालेली होती. तिच्यावर माशा बसत होत्या. "आजोबा, ह्याला दुखतं का हो?" तिनें विचारलें, आणि हात पुढें केला. "शी, हात नको लावूं!" म्हणून तिच्या आईनें तिला ओढून मोटारीकडे नेलें. त्या दिवशीं भिंतीवर जेवढा कापूस चिकटविला होता, त्याच्या चौथाईंत ती जखम पुसून निघाली असती.