पाण्याचा निरोप कुणाच्या फोनवर?

स्मार्ट सिटी हा शब्द कानावर पडला, की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काचेच्या उंच इमारती, चकाचक रस्ते, खांबाखांबावर कॅमेरे! ‘आपल्या गावाचा त्याच्याशी काय संबंध?’ असं म्हणून आपण पान उलटतो. पण मैत्रिणींनो, आज पान उलटू नका. कारण या विषयाचा संबंध आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाशी आहे आणि त्या नळाखाली लावलेल्या हंड्याशीही आहे.

केंद्र सरकारनं २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियान सुरू केलं. त्यात देशातली १०० शहरं निवडली गेली. आपल्या राज्यातली पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, सोलापूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि तेव्हाचं औरंगाबाद म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, अशी आठ शहरं त्यात होती. ३१ मार्च २०२५ला अभियानाची मुदत संपली. या शंभरही शहरांत एक नियंत्रण केंद्र उभं राहिलं. भिंतभर पडदे, त्यावर शहराचा नकाशा आणि समोर बसलेली माणसं. रस्त्यावरचे दिवे, वाहतूक, कचऱ्याच्या गाड्या, पाणी, सगळ्याची खबर तिथे यावी ही कल्पना. २०२०मध्ये कोरोना आला, तेव्हा बऱ्याच शहरांत हीच केंद्रं करोनाच्या कामासाठी वॉर रूम म्हणून वापरली गेली.

ही खबर तिथे पोहोचते कशी? त्यात जादू काही नाही. आपल्या गच्चीवरच्या टाकीत तरंगणारा बॉल असतो ना, टाकी भरली की पाणी बंद करणारा? तसंच समजा. गावाच्या मोठ्या टाकीत पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवतात, जलवाहिनीवर किती पाणी वाहिलं ते मोजणारं मीटर बसवतात. त्या यंत्रात आपल्या मोबाइलसारखंच सिमकार्ड असतं. ठरावीक वेळानं ते यंत्र आपला आकडा कार्यालयातल्या संगणकाला कळवतं. आपण माहेरी ‘पोचले गं’ असा मेसेज टाकतो, तितकं साधं!

पण या साध्या मेसेजची करामत मोठी आहे. रात्री दोन ते चारच्या वेळात घरोघरचे नळ बंद असतात. तरीही टाकीतून बरंच पाणी वाहतंय असा आकडा आला, तर समजावं की कुठे तरी पाइप फुटलाय नाहीतर चोरून पाणी ओढलं जातंय. पूर्वी रस्त्यावर डबकं साचल्याशिवाय गळती कळायची नाही. आता ती जमिनीखाली असतानाच कळू शकते. वाचलेलं ते पाणी म्हणजे शेवटच्या गल्लीतल्या घराचे चार हंडे!

आणि हे फक्त मोठ्या शहरांचंच काम आहे असं नाही बरं का. सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेलं मलकापूर हे आपल्यासारखंच लहान गाव. स्मार्ट सिटी अभियान जन्माला यायच्या कितीतरी आधी, २००९च्या सुमारास, तिथे चोवीस तास मीटरनं पाणी सुरू झालं. मीटर असे, की वाचणारा माणूस घराजवळून गेला की आकडा रेडिओलहरींनी त्याच्या हातातल्या यंत्रात येतो. दार वाजवायला नको, अंदाजपंचे बिल नको. नळाला कधीही पाणी असलं, की पिंपं भरून ठेवायची गरज उरत नाही. पहाटेचा गजर नको, शेजारणीशी भांडण नको.

ओडिशातल्या पुरी शहरात २०२१च्या जुलैपासून चोवीस तास, नळाचं थेट पिता येईल असं पाणी मिळू लागलं. तिथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ‘जलसाथी’. बचत गटातल्या बायका घरोघर जाऊन मीटर वाचतात, बिल देतात, पैसे गोळा करतात, पाण्याची तपासणीही करतात आणि त्याचा मोबदला मिळवतात. यंत्रं आहेतच, पण यंत्र आणि घर यांच्यामध्ये एक बाई उभी आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. का, ते सांगते.

चोवीस तास पाणी सगळीकडे नाही, ते लगेच येणारही नाही. तोवर निदान पाणी कधी सुटणार हे तरी कळावं, म्हणून कर्नाटकात हुबळी-धारवाडला २०११च्या सुमारास ‘नेक्स्टड्रॉप’ नावाचा उपक्रम सुरू झाला. व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी पाणी सोडताना फोनवरून कळवायचा आणि त्या भागातल्या घरांना एसएमएस जायचा. किती छान कल्पना! नळाकडे कान लावून दिवस घालवणाऱ्या बाईचे कितीतरी तास वाचतील, असं कुणालाही वाटेल.

पुढे हा उपक्रम बेंगळुरूत गेला. तिथे त्याचा खरोखर किती उपयोग झाला, याचा अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी अभ्यास केला. २०१८मध्ये तो प्रसिद्ध झाला. निष्कर्ष काय? मेसेज मिळणाऱ्यांच्या मनावरचा ताण थोडा कमी झाला, पण पाण्यासाठी वाट पाहण्याचा वेळ काही कमी झाला नाही. कारणं मुख्यतः दोन. एक, व्हॉल्व्हमन नेमानं कळवत नव्हते. त्यांनाही संसार आहेत, पैशाच्या ओढाताणी आहेत. त्यात हे एक जास्तीचं काम. आणि दुसरं कारण म्हणजे घरातलं स्त्री-पुरुषांचं असमान नातं!

हे दुसरं कारण वाचून मी थबकले. खरं सांगायचं तर आश्चर्य वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं. एवढी यंत्रणा उभी केली, उपग्रह झाले, टॉवर झाले, आणि निरोप अडला कुठे? घराच्या उंबऱ्यावर! पाण्याची वाट पाहणार बाई, पण घरातला मोबाइल ज्याच्या खिशात, तो कामावर. तो मेसेज बघतो, ‘बरं’ म्हणतो आणि विसरतो. त्याला कुठे हंडे भरायचे असतात?

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? कुठलाही अर्ज भरताना ‘कुटुंबप्रमुखाचा मोबाइल नंबर’ विचारतात. गॅसचा सिलिंडर दारात येतो आणि कोड जातो ह्यांच्या फोनवर. मग ‘अहो, कोड सांगा ना,’ म्हणून फोन लावत बसायचं, ते मीटिंगमध्ये असले तर सिलिंडरवाल्याला थांबवून ठेवायचं. वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाण्याची सूचना येते, पण ग्रुपमध्ये सगळी पुरुषमंडळी. पाणी भरणारी एक बाई नाही!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. पाण्यासाठी कितीही स्मार्ट यंत्रणा आणा, पण निरोप कुणाला जातो हे विचारल्याशिवाय ती पुरी होत नाही. जी बाई पाणी भरते, तिच्या फोनवर सूचना आली पाहिजे. ज्या घरात तिचा फोन नाही, तिथे चौकातला फळा किंवा घंटागाडीचा भोंगा हवा. त्यात काही कमीपणा नाही. आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाकडून जास्तीचं काम घ्यायचं, तर त्याला त्याचे पैसे द्या, रिचार्ज द्या. त्याच्या एका फोनवर अख्ख्या गल्लीची सकाळ अवलंबून असते.

यातलं बरंचसं आपल्याला आजच करता येण्यासारखं आहे. पाणीपट्टी भरायला जाल, तेव्हा नळजोडणीच्या नोंदीत तुमचा नंबर घालता येईल का, ते विचारा. ह्यांचा काढून नको, त्याच्या जोडीला. आपल्या राज्यात २०११पासून स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तुमच्या नगरसेविकेला गाठा आणि म्हणा, ‘ताई, नवीन मीटर येतील तेव्हा येतील, आधी वॉर्डाच्या ग्रुपमध्ये आम्हाला घ्या.’ बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचं बोलून झालं, की पाच मिनिटं पाण्यावरही बोला. मीटर वाचायचं काम निघालं, तर ते गटाला मागा. पुरीच्या बायकांना जमतं, तर आपल्याला का नाही?

‘एवढ्याशा गोष्टीसाठी नगरपालिकेत कशाला जायचं?’ असं घरचे म्हणतील. म्हणू द्यात. पाण्याची वाट पाहण्यात तुमचे जे तास जातात, ते एवढेसे नाहीत. त्या तासांत शिकवणी होते, शिलाई होते, मुलांचा अभ्यास होतो. आणि काहीच केलं नाही तरी दुपारी घटकाभर पाठ टेकता येते. तोही हक्कच आहे ना आपला?