परक्याची थैली आणि आपली फिर्याद



आपली फौजदारी न्यायव्यवस्था दुबळी आहे. तिला परदेशी पैसा, परदेशी तज्ज्ञ व परदेशी यंत्रे मिळाली म्हणजे दलितांना न्याय मिळू लागेल, असा उपदेश करणारे सुशिक्षित पुष्कळ भेटतात. गोंदिया जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबांनी या उपदेशाची नीट पारख करावयास हवी. न्याय कोठे अडतो हे पाहण्यासाठी आपणास दूर जावयाचे नाही. 1 मे 1999 पर्यंत आपण ज्या भंडारा जिल्ह्याचे रहिवासी होतो, त्याच्याच मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे.

तेथे 29 सप्टेंबर 2006 रोजी भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी व दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. आरंभीच्या तपासात व शवविच्छेदनात अक्षम्य हेळसांड झाली. पुढे केंद्रीय अन्वेषण विभाग आला, भंडाऱ्यास जलदगती न्यायालय बसले. सप्टेंबर 2008 मध्ये सहांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली गेली. 14 जुलै 2010 रोजी नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून 25 वर्षांचा कारावास ठरविला. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा दोन्ही न्यायालयांनी सिद्ध मानला नाही. हत्या सुडापोटी झाली, जातीमुळे नव्हे, असा निष्कर्ष निघाला!

आता सांगा, येथे कोणते परदेशी यंत्र कमी पडले होते?

परदेशी साहाय्य निरुपयोगीच असते, असे आमचे म्हणणे नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात अमेरिकेच्या एफबीआयच्या तज्ज्ञांची साक्ष उपयोगी पडली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने केंद्रीय न्याय विभागाने दुर्बल घटकांत कायद्याचे ज्ञान पसरविण्याचे काम केले. हे हितकारकच होय. पण गुन्ह्यामागची जात पाहावयाचीच नाही, असे ज्या डोळ्यांनी ठरविले आहे, त्यांना कोणत्या देशाचा चष्मा उपयोगी पडणार?

शिवाय परक्याच्या थैलीची दोरी आपल्या हाती नसते. 2020 च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसऱ्या संस्थेस विदेशी देणगी देणे बंद झाले. पोलीस व तुरुंग यांच्या सुधारणेसाठी झटणाऱ्या कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेची विदेशी देणगीची नोंदणीच 2022 मध्ये रद्द करण्यात आली. सरकारने दोरी ओढली की थैली मिटते. मग खेड्यातील फिर्यादीने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

बाबासाहेबांनी 1946 साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहिले. त्यात त्यांनी पैसा मागितला नाही. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. जगाच्या वेशीवर आपले गाऱ्हाणे मांडणे हा आपला हक्क आहे. परंतु गाऱ्हाणे मांडणारा आपल्या पायांवर उभा असला पाहिजे.

ते पाय आपल्याच संसदेच्या कायद्याने दिले आहेत. 26 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, गंभीर गुन्ह्यात पीडित अनुसूचित जातीचा आहे हे आरोपीस ठाऊक असणे पुरेसे ठरते. आणि आरोपी त्या कुटुंबास ओळखत असेल, तर त्याला जात ठाऊक होती असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आहे. खैरलांजीत जी वाट बुजली, ती अशी मोकळी झाली. तपास करून 60 दिवसांत आरोपपत्र दाखल करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या दलितेतर लोकसेवकास सहा महिने ते एक वर्ष कारावास सांगितला आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झालीच पाहिजे.

हे अधिकार वापरण्यास कोणाची देणगी लागते? सालेकसा असो की अर्जुनी मोरगाव, प्रत्येक गावातील बौद्धांनी हे नियम पाठ करावेत. फिर्याद वाचून घेतल्यावाचून सही करू नये. तिची मोफत प्रत हाती आल्यावाचून ठाणे सोडू नये. जातीचा दाखला आजच काढून ठेवावा. साक्षीदारास एकटे पडू देऊ नये. त्याच्याबरोबर दहा जणांनी न्यायालयात जावे. दक्षता समितीची बैठक झाली की नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांस लेखी विचारावे.

परदेशातून यंत्रे येतील, तज्ज्ञ येतील. साक्षीदाराच्या पाठीशी उभे राहणारे शेजारी मात्र परदेशातून येणार नाहीत. ते आपणच व्हावयाचे आहे.