दोष कुणाचा?

गेल्या रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या दाराची बेल वाजली. पाहतो तर शेजारचा आठवीतला मुलगा! चेहरा रडवेला, हात धुळीने माखलेले.

"काका, काँप्युटर नुसता बोंबलतोय, चालूच होत नाहीये. आणि आईला उद्या सकाळी बचत गटाचा हिशेब छापून न्यायचाय!"

हळूहळू सगळी हकिगत कळली. त्यांचा काँप्युटर २००९ सालचा. त्यात २ जीबीची एकच रॅम. हिशेबाचा तक्ता उघडेपर्यंत आईचा कुकर लावून व्हायचा. या पठ्ठ्याने साठवलेल्या पैशांतून २ जीबीची आणखी एक, वापरलेली रॅम आणली आणि कुणालाही न सांगता बसवली. बटण दाबलं, तर पडदा काळाकुट्ट आणि आतून टूंऽऽ टूंऽऽ!

"दुकानदाराने खराब माल दिला, काका. आत्ताच जाऊन भांडतो!"

"थांब," मी म्हटलं. "आधी आईला सांग. दोष कुणाचा ते मग शोधू."

आई रागावली नाही असं नाही. पण दोन मिनिटांनी तीच टॉर्च धरून आमच्या शेजारी उभी राहिली.

रॅम म्हणजे काय, ठाऊक आहे ना? स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. फडताळात सगळं सामान असतं, ती हार्ड डिस्क. आत्ता लागणारं सामान ओट्यावर असतं, ती रॅम. ओटा लहान असला, की एक डबा आत ठेवून दुसरा बाहेर काढायचा, अशा येरझाऱ्या सुरू होतात. काँप्युटर रेंगाळतो तो बऱ्याचदा यामुळेच.

आणि ते टूं-टूं कशासाठी? बटण दाबल्याबरोबर काँप्युटर स्वतःची तपासणी करतो. त्यात रॅमच सापडली नाही, तर पडद्यावर अक्षरं उमटवण्यापर्यंत गाडी पोचतच नाही. मग तो बिचारा आवाजाने सांगतो. किती वेळा वाजलं म्हणजे काय बिघडलं, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

आम्ही कामाला लागलो. आधी वीज बंद करून वायर सॉकेटमधून काढली. मग सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. हात कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावला. कारण अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण तेवढ्यानेही चिप मरू शकते. दर वेळी आत हात घालण्यापूर्वी हे सगळं पुन्हा करायचं, बरं का! आणि वीज पुरवणारी ती लोखंडी पेटी आहे ना, ती कधीही उघडायची नाही.

पहिला प्रश्न, रॅमची जात बरोबर आहे का? या काँप्युटरला डीडीआर-२ लागते. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ दिसायला जुळ्या बहिणी! दोघींनाही २४० टोकं. पण एकीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून दोघींची खाच वेगळ्या जागी असते. खाच जुळत नसेल, तर जोर लावायचा नाही! इथे मात्र जात बरोबर होती.

मग मी एक नियम घातला: एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा.

नवी रॅम काढली. जुनी एकटीच, तिच्या मूळ जागी. टूं-टूं! म्हणजे बघा, नवी रॅम आत नसतानाही तक्रार चालूच. "तू जुनीला हात लावला होतास?" "हो, दोन्ही शेजारी धरून पाहिल्या होत्या." मग जुनीची सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसली, चुरा काँप्युटरपासून दूर झाडला आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' वाजेपर्यंत ती सरळ दाबली. काँप्युटर सुरू! ती नीट बसलीच नव्हती.

आता जुनी काढून त्याच स्लॉटमध्ये नवी. सुरू! म्हणजे नवीही निर्दोष.

मग दोन्ही लावल्या. टूं-टूं!

आता तुम्हीच सांगा, चोर कोण? दोन्ही रॅम चांगल्या, पहिला स्लॉट चांगला. उरला दुसरा स्लॉट! टॉर्च मारून पाहिलं, तर इतक्या वर्षांची धूळ आत घट्ट बसलेली. तोंडाने फुंकर घातली नाही, कारण थुंकी उडते. कोरड्या, मऊ ब्रशने स्लॉट साफ केला. पुन्हा बटण दाबलं आणि पडदा उजळला!

"काका, पण २ आणि २ मिळून ४ व्हायला हवेत. इथे ३.२५ जीबीच वापरता येते म्हणतोय. पाऊण जीबी कुणी खाल्ली?"

कुणीच नाही. त्या काँप्युटरवर विंडोज-७ ची ३२ बिटांची आवृत्ती आहे. ३२ बिटांत घरांचे पत्ते बनतात २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. बरोबर ४ जीबी! पण त्यातले काही पत्ते ग्राफिक्ससारख्या इतर भागांसाठी राखून ठेवावे लागतात. तेवढ्या घरांना पत्ताच उरत नाही, मग पोस्टमन जाणार कसा? रॅम जागेवर आहे, फक्त तिथवर पोचता येत नाही. विंडोज-७ ची सुरक्षा-दुरुस्ती २०२० पासून घरगुती काँप्युटरांना मिळत नाही, म्हणून हा काँप्युटर इंटरनेटला न जोडता फक्त हिशेबापुरता वापरतात.

हिशेब छापून झाल्यावर विंडोजमधली मेमरी तपासणी लावून आम्ही जेवायला गेलो. तिच्यात एकही चूक निघाली असती, तर मात्र रॅम परत करायची होती. चूक निघाली नाही.

सोमवारी तो मुलगा त्या दुकानावरून गेला. म्हणाला, "काका, दुकानदार ओळखीचं हसले. मला मात्र उगाच लाजल्यासारखं झालं." भांडायला गेला असता, तर एका निर्दोष माणसाला चोर ठरवून आला असता ना!

तेव्हा मित्रांनो, काहीही बिघडलं की आधी घरच्यांना सांगा. मग जिथवर सगळं ठीक चालत होतं तिथवर मागे या आणि एकेक पाऊल पुढे टाका. सायकलचा दिवा असो, गणित असो, की मित्राशी झालेली कट्टी. दोष कुणाचा हे तपासल्याशिवाय ठरवू नका.