आजोबांचे तीन हजार कुठे गेले?



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी शेजारची नववीतली मुलगी वही घेऊन आमच्या ओट्यावर आली. मागोमाग तिचे आजोबा. "गुरुजी, व्यापाऱ्याने तीन हजार कमी दिले हो! नातीने हिशोब काढलाय. उद्या पहिल्या एस.टी.ने नंदुरबार गाठतो."

हिशोब असा होता. ओली लाल मिरची 10 क्विंटल. चांगल्या मालाला क्विंटलला 3000 रुपये भाव, डागी मालाला 2000. सरासरी 2500. म्हणजे 25,000 यायला हवेत, आणि हाती आले 22,000! (हमाली, तोलाई बाजूलाच ठेवू, नाहीतर गणित संपायचं नाही.)

पटलं ना तुम्हालाही? मग जरा थांबा. चांगली मिरची होती किती? पावतीवर नुसती एकूण रक्कम, आणि आजोबांना काही केल्या आठवेना.

म्हटलं, आठवत नाही तर त्याला नाव देऊन टाकू. चांगली मिरची क्ष क्विंटल. मग डागी किती? 10 − क्ष. आता पैसे मांडा :

3000क्ष + 2000(10 − क्ष) = 22,000

कंस सोडवला की 3000क्ष + 20,000 − 2000क्ष = 22,000. म्हणजे 1000क्ष = 2000, आणि क्ष = 2.

ताळा करून बघा. 2 क्विंटलचे 6000, 8 क्विंटलचे 16,000. झाले 22,000!

आजोबांनी कपाळावर हात मारला. "हो की! दोनच क्विंटल निवडून वेगळी काढली होती."

खरी सरासरी 22,000 ÷ 10, म्हणजे 2200. दोन भावांची बेरीज करून निम्मी करायची ती दोन्ही माल सारखे असतील तरच. इथे डागी माल चौपट, म्हणून सरासरी 2000 कडे ओढली गेली. पण हं, नुसत्या समीकरणाने व्यापारी खरा ठरत नाही. पैसे बरोबर असतील तर चांगला माल 2 क्विंटल असला पाहिजे, एवढंच ते सांगतं. आजोबांची आठवण जुळली, म्हणून एस.टी.चं भाडं वाचलं.

हा 'क्ष' आपल्याकडे जुनाच बरं का! बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' लिहिलं, त्यात अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणत आणि थोडक्यात 'या' लिहीत. आणखी अज्ञात असले की रंगांची नावं : कालक, नीलक, पीतक. त्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, तो आपल्या खानदेशातच, चाळीसगावजवळच्या पाटणला. तिथे तसा शिलालेख आहे.

आता तुमची पाळी. एका वर्गात 12 मुली. त्यांच्या गुणांची सरासरी 70, मुलांची 60, सगळ्या वर्गाची 64. तर मुलं किती? उत्तर पुढच्या अंकात. ताळा केल्याशिवाय वही मिटू नका!