संगणकाच्या तारांची व्यवस्था

आज घर असो वा कचेरी, संगणकावांचून कोणाचेंच चालत नाहीं. एकाच वाड्यांत थोरले बंधु पेढीचा हिशेब संगणकावर ठेवतात, धाकट्यांचे चिरंजीव माडीवर बसून पुण्याच्या कंपनीची नोकरी करतात, आणि मुलींचे वर्ग व परीक्षाहि त्याच यंत्रावर होतात. यंत्र घेतांना आपण दहा ठिकाणीं चौकशी करतों. परंतु यंत्रें जोडणाऱ्या तारांचा प्रश्न निघाला म्हणजे ‘तें वायरमन पाहून घेईल’ असें म्हणून मोकळे होतों. ह्या उपेक्षित विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधावें, अशी आमची इच्छा आहे.

तारांची व्यवस्था पुष्कळ लोक दिसण्यावरून निवडतात. भिंतीवर पांढरी पट्टी बसली, तारा आंत दडल्या, कीं काम झालें असें त्यांस वाटतें. आमची कसोटी निराळी आहे. ज्या दिवशीं घाईनें एकच तार शोधावी लागेल, त्या दिवशीं ती परक्या माणसालाहि सांपडेल काय, हें पाहावें.

सांगलीकरांस तो दिवस कोणता हें सांगावयास नको. २००५, २०१९ व २०२१ ह्या तीन सालीं कृष्णामाई शहरांत शिरली. आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फुटांची. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी तेथें ५७ फुटांवर गेलें. पाणी चढूं लागलें म्हणजे यंत्रें माडीवर नेण्यास वेळ थोडा मिळतो. अशा वेळीं हातीं नुसता गुंता आला, तर तो कापावा लागतो किंवा यंत्र तेथेंच सोडावें लागतें. यंत्र पैशानें पुन्हां मिळेल. त्यांतील हिशेब मिळेलच असें नाहीं.

म्हणून पूर येणाऱ्या भागांत मुख्य रॅक वरच्या मजल्यावर असावा, आणि तळमजल्याच्या तारा जमिनीलगत न नेतां छताजवळून न्याव्या. आवरणाआड पाणी शिरलेली तार बाहेरून कोरडी दिसली तरी भरंवशाची राहत नाहीं.

आतां निवडीचा विचार करूं. घरांत चारसहाच तारा असल्यास झांकणाची केसिंग पट्टी पुरे. मात्र झांकण सहज निघावें. जेथें माणसें व टेबलें वरचेवर हलतात, अशा कचेरींत वरून उघडा जाळीचा ट्रे सोयीचा. तारा बऱ्याच असल्या, तर त्या पॅच पॅनेलवर आणून संपवाव्या व तेथून आंखूड तारांनीं स्विचला जोडाव्या. म्हणजे बदल करतांना भिंतींतील तारेस हात लावावा लागत नाहीं. बंद पाइप निम्म्याहून कमीच भरावा. पुढें वाढणाऱ्या कामास जागा राहते, आणि जुनी तार ओढून काढतां येते.

कांहीं नियम मात्र सर्वत्र सारखे. विजेच्या तारा व संदेशाच्या तारा एका पट्टीतून नेऊं नयेत. तांब्याची तार स्विचपासून यंत्रापर्यंत १०० मीटरांहून लांब नसावी; त्यापुढें, किंवा एका इमारतींतून दुसरींत जातांना, काचतंतूची केबल घ्यावी. तीस विजेच्या कडकडाटाचें भय तांब्याइतकें नसतें. कोंपऱ्यावर तार काटकोनांत मोडूं नये; वळणाची त्रिज्या तारेच्या जाडीच्या चौपट तरी असावी. प्लॅस्टिकच्या पट्टीनें जुडी करकचून आवळल्यास आंतील पीळ दबतो. त्याऐवजीं वेल्क्रोची पट्टी वापरावी, ती सोडून पुन्हां बांधतां येते. स्वस्ताईला भुलून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार घेऊं नये.

सर्वांत स्वस्त व सर्वांत अधिक चुकविलें जाणारें काम शेवटीं सांगतों. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक लावावा, आणि कोणता क्रमांक कोठून कोठें जातो हें वहींत लिहून ती वही घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावी. पुष्कळ घरांत ही माहिती एकट्या हुशार पुतण्याच्या डोक्यांत असते, आणि नेमका पुराच्या दिवशीं तो परगांवीं असतो. त्या दिवशीं घरांत जे असतील, त्यांना वाचतां येईल तीच व्यवस्था खरी.