नारळी पौर्णिमा : पूजा पाण्याची, ओळखही पाण्याशी

श्रावणी पौर्णिमेला भिंगारच्या घराघरांतून नारळीभाताचा सुगंध दरवळतो. कुठे नव्या यज्ञोपवीताचे धारण होते, कुठे बहीण भावाच्या मनगटी राखी बांधते. ज्याच्या नावाने हा नारळ फुटतो तो वरुणदेव मात्र आपल्यापासून फार दूर, सह्याद्रीच्या पलीकडे आहे. आपला मुलूख अवर्षणाचा. पावसाळा सरला की सीनेचा प्रवाह क्षीण होतो आणि उन्हाळ्यात पाण्याचा थेंब मोजून वापरावा लागतो. मग समुद्राच्या या सणाशी आपले नाते ते काय, पानातल्या गोड घासापुरतेच ना, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर कोळी बांधवांच्या आचरणात सापडते. पर्जन्यकाळात खवळलेल्या दर्यात नाव लोटायची नाही, हा त्यांचा जुना निर्बंध. आज शासनही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी घालते. पौर्णिमेला सागराची पूजा करायची, श्रीफळ अर्पण करायचे, ‘शांत हो’ अशी प्रार्थना करायची आणि मग वल्हे हाती घेऊन त्याच पाण्यात उतरायचे. म्हणजे आधी संयम, मग प्रार्थना आणि त्यानंतर पुरुषार्थ, असा हा क्रम आहे. श्रीफळ वाहून कोळी किनाऱ्यावर बसून राहत नाही. आपण घाटावरच्या मंडळींनी या क्रमातील पहिल्या दोन पायऱ्या जपल्या, तिसरी मात्र ‘ते आपले काम नव्हे’ म्हणून सोडून दिली. या तिसऱ्या पायरीविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

पाण्यापासून दूर जन्मलेल्या माणसाला पाणी साधत नाही, ही समजूत आपल्या शेजारच्याच नाशिक जिल्ह्यातील एका तरुणाने खोटी ठरविली आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. तेथील दत्तू भोकनळ हा वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे कष्ट करीत असे. पाण्याच्या शोधात खडक फोडणाऱ्या या मुलाने २०१२ साली सैन्यात प्रवेश केला आणि खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये असताना त्याच्या हाती प्रथमच शर्यतीचे वल्हे आले. प्रारंभी त्याला पाण्याची धास्तीच वाटे. पुढे पुण्यातील सैन्याच्या नौकानयन केंद्रात तो घडला आणि अवघ्या चार वर्षांत, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकेच्या शर्यतीत भारताचा प्रतिनिधी म्हणून उतरला. सैनिकी शिस्तीत माणूस कसा घडतो, हे छावणीच्या सहवासात वाढलेल्या भिंगारकरांना वेगळे सांगावयास नको.

एकेरी शर्यतीची ही नौका कशी असते? लांबी सुमारे आठ मीटर, रुंदी माणूस जेमतेम बसेल एवढी आणि वजन किमान १४ किलो. ती आपोआप स्थिर राहत नाही. तिचा तोल दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांवरच तोललेला असतो. अंतर दोन हजार मीटर. ६ ऑगस्ट २०१६ रोजी रिओच्या सरोवरावर जोराचा वारा सुटला होता. लाटा उसळत होत्या. सर्बियाची अनुभवी जोडी त्या दिवशी नौकेसह पाण्यात उलटली आणि दुसऱ्या दिवशीच्या तर सर्व शर्यती वाऱ्यामुळे रद्द कराव्या लागल्या. अशा खवळलेल्या पाण्यात दत्तूने आपली पहिली फेरी ७ मिनिटे २१.६७ सेकंदांत पुरी केली आणि तिसरा क्रमांक मिळवून पुढची फेरी गाठली. पुढे आपल्या अखेरच्या शर्यतीत त्याने तेच अंतर ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत कापले आणि एकंदरीत तेरावे स्थान मिळविले. माणूस तोच, अंतर तेच, आणि वेळेत फरक सुमारे २७ सेकंदांचा! खवळलेले पाणी माणसाकडून किती मोल वसूल करते, याची कल्पना एवढ्यावरून यावी. त्याच सुमारास त्याची आई अपघातानंतर अत्यवस्थ होती. ते दुःख उरात ठेवून तो वल्हवीत होता.

वाचकहो, लाटांवर वल्हे मारण्याचे जे शास्त्र आहे, त्यात साधकालाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पाणी खवळले की नवख्याचे हात आपोआप आवळतात, तो वल्हे घट्ट धरतो आणि नेमका तेथेच फसतो. जाणता वल्हेकरी पकड सैल ठेवतो, परतीच्या वेळी वल्ह्याचे पाते लाटेच्या माथ्यावरून नेण्यासाठी किंचित अधिक उचलतो आणि काही झाले तरी लय मोडू देत नाही. भीतीने वल्हवणे थांबवले की नाव डगमगते. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की, या शर्यतीत वल्हेकरी गंतव्याकडे पाठ करून बसतो. मागे पडलेली वाट त्याला दिसते, समोरचा पैलतीर दिसत नाही. न दिसणाऱ्या तीराकडे प्रत्येक आघातागणिक निष्ठेने जाणे, याला श्रद्धेवाचून दुसरे नाव कोणते द्यावे?

काही भाविकांच्या मनात येथे शंका येईल की, शर्यत म्हटली की अहंकार आला, आणि अहंकाराला सणाच्या दिवशी स्थान कशाला? शंका रास्त आहे. तिचे समाधान आपल्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवाशास, शके १२१२ मध्ये होऊन गेलेले आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात माउलींनी मायेला महानदीचे रूपक दिले. आपल्या बाहुबळाच्या, विद्येच्या वा तारुण्याच्या गर्वाने जे तीत उडी घेतात ते कसे बुडतात, हे त्यांनी विस्ताराने वर्णिले. तरून कोण जातो? ज्याला सद्गुरूसारखा तारक लाभला, ज्याने अनुभवाची कास घट्ट कसली आणि ज्याने आत्मनिवेदनाचा ताफा धरला, तो. माउलींचा अर्थ पारमार्थिक आहे, त्याला खेळाच्या पातळीवर ओढण्याचा अविनय येथे करावयाचा नाही. तथापि व्यवहारातील पाण्यालाही तीच तीन साधने लागतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शिकविणारा गुरू हवा, रोजच्या अभ्यासाचा अनुभव हवा आणि ‘मी’पणाचे विसर्जन हवे.

या तिसऱ्या साधनाचा प्रत्यय पाहावयाचा असेल तर २०१८ च्या आशियाई स्पर्धा आठवाव्यात. पालेम्बांग येथे एकेरी अंतिम शर्यतीत तापाने ग्रासलेला दत्तू सर्वांत शेवटी आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग या सैनिक सहकाऱ्यांसह तो चौघांच्या नौकेत बसला आणि त्या चौघांनी भारतासाठी सुवर्णपदक जिंकले. चौघांच्या नौकेत एकाने अधिक जोर करून भागत नाही. चारही जोड्या वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली आणि एकाच क्षणी बाहेर आली, तरच नाव धावते. काल शेवटचा आलेला आज सुवर्णाचा मानकरी झाला, तो आपली लय इतरांच्या लयीत मिळवून. अहंकार पोसणारी शर्यत आणि अहंकार विरघळविणारी शर्यत यांत हाच भेद आहे.

धर्म आणि नौकास्पर्धा यांची सांगड आपल्या देशात नवीन नाही. केरळात आरन्मुळा येथे पार्थसारथीच्या मंदिराचा उत्सव पंबा नदीवरील सर्पाकृती नौकांच्या जलोत्सवाने साजरा होतो. नाविक भक्तिगीते गात वल्हवितात आणि त्या नौकांना देवाच्याच नौका मानले जाते. तेथे देवाची सेवा आणि शरीराची कसोटी एकाच वल्ह्याने होते.

आता आपल्या कर्तव्याचा विचार करू. आपल्या घरांतील किती मुलांना पोहता येते? किती मुलींना? गणेश विसर्जनाच्या दिवशी, सहलीला गेले असता धरणावर, विहिरीच्या काठी तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचाव्या लागतात. ज्या पाण्याची आपण पूजा करतो, त्याच पाण्याशी आपल्या मुलांची ओळख नसावी, ही गोष्ट शोभणारी नाही. देव रक्षण करतो हे खरे, परंतु त्याने दिलेले हातपाय पाण्यात चालवावयास शिकणे हे आपलेच काम आहे. वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधी प्रत्येक मुलाला आणि मुलीलाही जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली पोहणे शिकविणे, हा एक संस्कारच मानला जावा. सार्वजनिक मंडळांनी वर्गणीतील थोडा अंश ध्वनिवर्धकांऐवजी विसर्जनस्थळी तरंगजाकिटे आणि पट्टीचे पोहणारे ठेवण्यासाठी खर्चावा. त्याने उत्सवाचे पावित्र्य उणावणार नाही, उलट वाढेल.

आणि पुढचे पाऊल म्हणून वल्ह्याचाही विचार व्हावा. राहुरी तालुक्यातील मुळा धरणाच्या जलाशयाला आपण मोठ्या भक्तीने ‘ज्ञानेश्वरसागर’ हे नाव दिले आहे. २६ अब्ज घनफूट क्षमतेचा हा सागर आपल्या उंबरठ्यावर आहे. वल्ह्याच्या नावेला इंधन लागत नाही, त्यामुळे पिण्याच्या पाण्यात तेलाचा थेंबही पडत नाही. पाऊस ओसरल्यावर, पाटबंधारे खात्याच्या अनुमतीने आणि सुरक्षेची पुरी व्यवस्था करून तेथे शाळा-महाविद्यालयांच्या नौकास्पर्धा का होऊ नयेत? पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा नौकाविहार उत्सव मुळेच्याच नावाच्या दुसऱ्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तेथे जे घडते ते येथे घडू नये, असे काही विधिलिखित नाही. मात्र उतावीळपणा नको. कोळी बांधव ज्या संयमाने पौर्णिमेची वाट पाहतात, तोच संयम येथेही हवा. पोहणे येईपर्यंत नावेत पाय नाही आणि जाकिटाशिवाय नाव नाही, हा नेम कडकपणे पाळला गेला पाहिजे.

नारळ वाहून सागर शांत होतो की नाही, हे श्रद्धेवर सोडू. परंतु नारळ वाहणाऱ्याचे मन शांत व्हावे आणि त्या शांत मनाने त्याने वल्हे उचलावे, हा या सणाचा आशय निश्चित आहे. यंदा नारळीभाताचा नैवेद्य दाखविताना प्रत्येक गृहस्थाने आणि गृहिणीने वरुणदेवापुढे एवढाच संकल्प करावा की, पुढील श्रावणी पौर्णिमेच्या आत आमच्या घरातील एक तरी बालक पाण्याला न भिता आणि पाण्याचा अवमान न करता पाण्यात उतरावयास शिकलेले असेल. सागरापासून दूर असलेल्या भिंगारकरांनी सागरदेवतेला वाहिलेले ते खरे श्रीफळ ठरेल.