भुयारी गाडी कोणासाठी?

एखाद्या मोठ्या शहरात भुयारी रेल्वे सुरू झाली, की लोक तिच्या वेगाविषयी, थंडगार डब्यांविषयी आणि सरकत्या जिन्यांविषयी कौतुकाने बोलू लागतात. हे कौतुक खोटे नसते. परंतु त्यावरून त्या रेल्वेचे खरे मोल कळत नाही. माझ्या मते अशा रेल्वेविषयी पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा : शहरात ज्याची मिळकत सर्वांत कमी आहे, तो मनुष्य हिच्यातून रोज कामावर जाऊ शकतो काय? विशेष हे, की जगातील पहिली भुयारी रेल्वे ज्याच्या आग्रहाने झाली, त्याच्याही मनात हाच प्रश्न होता.

त्याचे नाव चार्ल्स पिअर्सन. तो लंडनच्या नगरसंस्थेचा कायदेविषयक अधिकारी होता. १८६१ च्या सुमारास लंडनची वस्ती २८ लाखांपर्यंत गेली होती. बाहेरून येणाऱ्या बहुतेक आगगाड्या शहराच्या कडेलाच थांबत आणि आतल्या रस्त्यांवर बग्ग्या, मालाचे गाडे व पादचारी यांची एकच कोंडी होई. कामगाराला पायीच कामावर जावे लागे. म्हणून तो कामाच्या जागेजवळ, कोंदट गल्लीत, एकेका खोलीत सारे कुटुंब कोंबून राही. स्वस्त गाडी मिळाली तर हाच मनुष्य शहराबाहेर मोकळ्या हवेत राहू शकेल, असे पिअर्सन १८४५ पासून सांगत होता. जमिनीखालून गाडी नेण्याची कल्पना ऐकून लोकांनी त्याची थट्टा केली. तथापि त्याने आपला हेका सोडला नाही. नगरसंस्थेलाही या कामात पैसे घालावयास लावले.

१० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही सुमारे ६ किलोमीटरची रेल्वे लोकांसाठी खुली झाली. पिअर्सन मात्र काही महिने आधीच वारला होता. रस्ता उकरून खोल चर खणावयाचा, त्यात रूळ टाकावयाचे आणि वर विटांची कमान बांधून पुन्हा रस्ता करावयाचा, अशी बांधण्याची रीत होती. गाडी ओढणारे इंजिन वाफेचे असल्यामुळे भुयारात धूर कोंडे; प्रवासी खोकत बाहेर पडत. तरीही पहिल्याच वर्षी सुमारे ९५ लाख लोकांनी तिच्यातून प्रवास केला. वेळ वाचत असेल, तर माणसे धूरसुद्धा सोसतात!

या रेल्वेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फॅरिंग्डनकडच्या भागात तिच्यासाठी गोरगरिबांची अनेक घरे पाडण्यात आली. घरमालकांना मोबदला मिळाला. आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्यांना बहुधा काहीच मिळाले नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी गाडी हवी होती, त्यांतल्याच कित्येकांना तिने बेघर केले. त्यामुळे त्यांना गाडीत जागा देणे हे त्यांच्यावर उपकार करणे नव्हते. ते त्यांचे देणे होते.

ते देणे थोडेफार फेडले गेले. १८६४ पासून कामगारांसाठी पहाटेच्या खास गाड्या सुटू लागल्या. तिसऱ्या वर्गाच्या एकेरी प्रवासाला एरवी जे ३ पेन्स पडत, तेवढ्यातच कामगाराला जाऊन परत येता येई. पुढे १८८३ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून अशा स्वस्त गाड्या चालविण्याचे बंधन रेल्वे कंपन्यांवर घातले. डब्यांचे तीन वर्ग मात्र तसेच होते. १८९० साली टेम्स नदीच्या तळाखालून जाणारी विजेची रेल्वे निघाली, तेव्हा तिने तेही मोडले. कोठूनही कोठेही जा, भाडे २ पेन्स. आणि डबे सर्वांना सारखेच. त्या डब्यांच्या खिडक्या छताजवळ अगदी चिंचोळ्या ठेवल्या होत्या, कारण भुयारात पाहण्यासारखे काही नाही, असे बांधणाऱ्यांना वाटले! त्या बिनखिडकीच्या डब्यात पेढीचा कारकून आणि गोदीतला हमाल शेजारीशेजारी बसले. मला हा बदल विजेच्या इंजिनापेक्षाही मोठा वाटतो.

आता आपल्याकडे पाहू. भारतातील पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कोलकात्यात सुरू झाली. तिचे भाडे २०१९ साली वाढले, तरी किमान भाडे ५ रुपयेच राहिले. मुंबईत आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची, जवळजवळ सर्वस्वी भुयारी रेल्वे ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. त्या वेळी तिचे भाडे अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये होते. थोडा हिशेब करून पाहा. या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज जाऊन परत यावयाचे म्हणजे १४० रुपये झाले. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३,५०० रुपये. उपनगरी गाडीचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास काही शे रुपयांत मिळतो. मग घरकाम करणारी बाई दारात लोंबकळणाऱ्या गर्दीतूनच का जाते, हे निराळे सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल, भुयारे खणावयास हजारो कोटी रुपये लागतात; भाडे कमी ठेवले तर ते फिटणार कसे? हा आक्षेप खरा आहे. परंतु भुयारी गाडीचा लाभ फक्त तिच्यात बसणाराला होतो काय? शंभर माणसे खाली गेली, की वरचा रस्ता मोटारवाल्याला मोकळा मिळतो. स्थानकाजवळच्या जागांचे भाव चढतात. दुकानांना गिऱ्हाईक मिळते. लाभ इतक्यांना होत असताना सारा खर्च तिकिटातूनच काढावा, हे मला न्यायाचे वाटत नाही. ज्यांच्या जमिनींचे मोल वाढले, त्यांनीही भार उचलावा.

मोटारवाल्यानेही मोटार घरी ठेवून या गाडीत बसावे, असे मला वाटते. ज्या गाडीतून केवळ गरीब जातात, तिच्या फुटलेल्या बाकांकडे कोणी पाहत नाही. अधिकारी जेथे रोज उभा राहतो, तेथला दिवा लवकर दुरुस्त होतो.

लंडनमधील पहाटेच्या गाड्यांचा प्रयोग मुंबईलाही करता येण्यासारखा आहे. सकाळी सातच्या आत निघणाराला अर्धे भाडे ठेवावे. त्या वेळी कचेऱ्यांत जाणारांची गर्दी नसते आणि डबे बरेचसे मोकळे धावतात. त्याच वेळी शहरातले सफाई कामगार, रुग्णालयांतल्या आया आणि उपाहारगृहांतली पोरे कामावर निघालेली असतात.